अब्बांची वही

जुळे सोलापुरात आमच्या घरासमोर एक कडुनिंब आहे. त्या कडुनिंबाखाली जवळजवळ पाच वर्षे एक गाडी उभी होती. टाटा मोबाईल पिकअप, १९९६ सालची, एमएच-१३ पासिंगची. कागदावर ती पिकअप. आमच्या घरात आणि गल्लीत तिला टेम्पोच म्हणत. तिच्या टपावर लिंबोळ्या सडत, खाली मांजर वीत असे, आणि गल्लीतली पोरे क्रिकेट खेळताना तिचे मागचे फाळके स्टंप म्हणून वापरीत.

बाहेरगावच्या वाचकाला जुळे सोलापूर हे नाव गमतीचे वाटेल. विजापूर रोड आणि होटगी रोडच्या बाजूच्या माळावर वसलेले हे दुसरे सोलापूर. जुन्या पेठांत माणसे मावेनाशी झाली तेव्हा ती इकडे सरकली. आम्हीही विजापूर वेशीजवळच्या दोन खोल्या सोडून इकडे आलो. सामान आले ते याच टेम्पोतून. पलंग, अम्मींची शिलाई मशीन, पाण्याचे पिंप आणि पिंपात बसलेला धाकटा.

टेम्पो अब्बांचा. ते तो स्वतः चालवीत, स्वतः दुरुस्त करीत. यंत्रमागाच्या कारखान्यांतून चादरींचे आणि टॉवेलचे गठ्ठे उचलायचे, ट्रान्सपोर्टच्या गोदामात टाकायचे, कांद्याच्या हंगामात बाजार समितीच्या खेपा करायच्या. २००६ साली कुंभारीला विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, तेव्हा त्या टेम्पोने कितीतरी बायांचे संसार नव्या घरी नेऊन टाकले. कुणी भाडे दिले, कुणी पुढच्या महिन्यात देते म्हणाली. अब्बा हिशेबाच्या बाबतीत कच्चे होते. यंत्राच्या बाबतीत मात्र पक्के.

२०१८ च्या मे महिन्यात अब्बा गेले. रात्री मालाची खेप करून आले, टेम्पो कडुनिंबाखाली लावला, हात धुतले, जेवले आणि झोपले. फजरला उठले नाहीत. चाळिसावा झाल्यावर आम्ही टेम्पो सुरू करायला गेलो. चावी फिरवली, सेल्फ फिरला, इंजिन काही घेईना. एक मेकॅनिक आला, दुसरा आला. टेम्पो जागचा हलला नाही.

इथे 'आम्ही' म्हणजे कोण ते सांगितले पाहिजे. आम्ही तिघे भावंडे. आपा सगळ्यांत मोठी, विजापूरला दिलेली. थोरला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. धाकटा टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागाची दुरुस्ती करणारा. हा मजकूर लिहिला एकाने असला तरी त्यात तिघांचे हात काळे झालेले आहेत, म्हणून आम्ही असेच लिहितो आहोत.

अब्बांच्या मागे टेम्पोचे काय करायचे हा प्रश्न दर ईदला निघायचा आणि शिरखुर्म्याबरोबर संपायचा. पण आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दर वर्षी पासिंग लागते, पर्यावरण कर लागतो. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या गाड्या मोडीत काढण्याचे नियम केले आणि २०२२ च्या एप्रिलपासून पंधरा वर्षांपुढच्या गाड्यांच्या पासिंगची फी बरीच वाढली. उभ्या गाडीचाही खर्च डोक्यावर चढत होता. एक भंगारवाला दोनदा येऊन गेला. त्याने टायर लाथेने दाबून पाहिले आणि म्हणाला, "लोहे के भाव में देव, भाई. इसमें अब कुछ नै रह्या."

आमच्यापैकी दोघे द्यायला तयार होते. अम्मी काही बोलल्या नाहीत. पण त्या दिवशी त्यांनी कडुनिंबाखाली झाडू मारला आणि टेम्पोच्या काचेवरची धूळ पदराने पुसली. आम्ही समजलो.

मग एका नव्या दमाच्या वायरमनला बोलावले. त्याने बॉनेट उघडले, आत डोकावले आणि हसला. आत काय होते? बावीस वर्षांत अब्बांनी जोडलेल्या, बदललेल्या, टेप गुंडाळलेल्या तारांचे एक जाळे. दोन रिले एका पत्र्याच्या डबीत बसवलेले, एक केबल डॅशबोर्डमधून आत गेलेली आणि कशालाच न जोडलेली, मागच्या हौद्याकडे गेलेली एक एकटी तार, आणि इंजिनच्या एका अंगाला दोन बारीक नळ्या, ज्या कशाच्या ते त्यालाही कळेना. तो म्हणाला, "हे सगळं कापून काढा. नवीन वायरिंग टाकू. कशाला शोधत बसता?"

त्याचे म्हणणे धंद्याच्या दृष्टीने बरोबर होते. दुसऱ्याचे वायरिंग वाचण्यापेक्षा आपले नवे टाकणे सोपे असते. पण 'कापून काढा' हा शब्द आम्हाला लागला. आम्ही त्याला चहा पाजला आणि वाटेला लावले. २०२३ चा जानेवारी होता. रमजान सुरू व्हायला दोन महिने होते. ठरवले की रोज मगरिबनंतर एक तास द्यायचा आणि ज्याचे नाव कळत नाही अशी एकही वस्तू काढायची नाही.

पहिला प्रश्न इंजिनचा. एक मेकॅनिक म्हणाला होता, "हे टेम्पोचं इंजिनच नाही, सुमोचं बसवलंय तुमच्या वडलांनी." असे असेल तर आरसी बुक आणि गाडी यांचा मेळ बसणार नाही, पासिंगचा विषयच संपला. आम्ही डिझेल आणि तारेचा ब्रश घेऊन इंजिनचे अंग घासले. पंचवीस वर्षांचे तेल आणि धूळ यांचा थर निघाला आणि खालून आकडे वर आले. त्यात सुरुवातीलाच ४८३. थोरला शाळेत गणित शिकवतो, पण हा आकडा त्याला धाकट्याने समजावला. टेल्कोच्या या इंजिनांच्या नावात त्यांचे माप असते. ४ म्हणजे चार सिलिंडर, ८३ म्हणजे सिलिंडरचा व्यास ८३ मिलिमीटर. मोठ्या ४०७ टेम्पोला ४९७ येते, तिथे व्यास ९७. मग थोरल्याने पाटी घेतली. दट्ट्याची चाल ९० मिलिमीटर. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र लावले, चाराने गुणले, उत्तर आले १९४८ घन सेंटिमीटर. आरसी बुकात पाहिले, तिथेही १९४८. खालचा पंच केलेला नंबरही जुळला. मेकॅनिक खोटे बोलत नव्हता, कारण हेच ४८३ सुमोलाही बसत असे. पण सुमो आली १९९४ साली. टाटा मोबाईल त्याच्या आधी, १९८८ पासून रस्त्यावर होती. थोरल्या घरातला भाऊ धाकट्याच्या नावाने ओळखला जावा, तसा प्रकार. अब्बांनी इंजिन बदललेले नव्हते. आम्हाला उगीचच छाती भरून आल्यासारखे झाले.

दुसरा प्रश्न त्या दोन बारीक नळ्यांचा. त्या इंजिनकडून निघून डायनॅमोच्या पाठीमागे जात होत्या. एका नळीचा नट सैल करून पाहिला तर तेल. डायनॅमो ही विजेची वस्तू, तिला तेल कशाला? तेल आणि वीज यांचे वैर असते एवढे आम्हालाही कळत होते. आधीचा एक मेकॅनिक म्हणाला होताच, "गळती तिथूनच आहे, ती नळी चेपून बंद करून टाका." आम्ही पक्कड हातात घेतलीही होती.

त्या संध्याकाळी अब्बांचे एक जुने सोबती भेटायला आले. दोघांनी एकाच उस्तादाच्या हाताखाली हैदराबाद रोडच्या गॅरेजांत काम शिकलेले. आता त्यांना डोळ्यांनी फारसे दिसत नाही. त्यांनी हात पुढे केला, डायनॅमो चाचपला, पाठीमागच्या गोल डबीवर बोट ठेवले आणि म्हणाले, "ये बंद करते थे क्या रे? ये तो तुम्हारे ब्रेक की सांस है."

मग त्यांनी समजावले. पेट्रोलच्या इंजिनात हवेच्या वाटेवर झडप असते. झडप मिटली की आत पोकळी तयार होते आणि त्या पोकळीच्या ओढीवर ब्रेकचा बूस्टर काम करतो. डिझेलच्या इंजिनात ती झडपच नसते, हवा मोकळी आत येते. मग ब्रेकला ओढ कुठून मिळणार? म्हणून डायनॅमोच्याच दांड्यावर पाठीमागे एक छोटा व्हॅक्यूम पंप बसवतात. त्याच्या आतल्या पात्यांना वंगण लागते, म्हणून एका नळीने तेल येते आणि दुसरीने परत जाते. नळी चेपली असती तर पंप थोड्या दिवसांत जळाला असता आणि भरल्या गठ्ठ्यांनिशी उतारावर ब्रेकचा पाय दगडासारखा झाला असता. आम्ही पक्कड खाली ठेवली. ज्याला नाव नाही ते निरुपयोगी समजू नये, हा धडा आम्हाला तिथे मिळाला. तो फक्त यंत्रांपुरता नाही असे आम्हाला वाटते.

खरा चक्रव्यूह होता तारांचा. आम्ही एक टेस्ट लॅम्प केला. बारा व्होल्टचा बल्ब, त्याला दोन तारा, एकीला चिमटा, दुसरीला सुई. चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला लावायचा, सुई तारेला टोचायची. दिवा लागला तर करंट आहे. चावी बंद असताना लागतो की उघडल्यावर, की सेल्फ मारतानाच, ते कागदावर लिहायचे. कापडाच्या चिंध्यांच्या चिठ्ठ्या करून प्रत्येक तारेला बांधल्या. आमच्याकडे सगळ्यांत स्वस्त वस्तू टॉवेलची कात्रणे! आठ दिवसांत टेम्पोच्या पोटात नवसाच्या झाडासारख्या चिंध्या लटकू लागल्या.

पण रंगांनी आम्हाला फसवले. धाकट्याने कुठूनतरी माहिती आणली की गाड्यांच्या वायरिंगमध्ये तपकिरी तार म्हणजे अर्थ. बरोबर होते, पण अर्धेच. जर्मन पद्धतीत तपकिरी म्हणजे अर्थ, लाल म्हणजे थेट बॅटरी, काळी म्हणजे चावीचा करंट. इंग्रजी पद्धतीत मात्र काळी म्हणजे अर्थ, पांढरी म्हणजे चावीचा करंट आणि तपकिरी म्हणजे थेट बॅटरीचा, कायम जिवंत असलेला. एकात जी जमीन, तीच दुसऱ्यात आग. आणि आपल्या देशातल्या गाड्यांचे विजेचे सामान या दोन्ही घराण्यांकडून आलेले. टेल्कोने १९५४ साली डायमलर-बेंझशी करार केला होता, तो १९६९ पर्यंत चालला. बंगळूरची मायको १९५१ ची, बॉशच्या घरातली. आणि मद्रासची लुकास-टीव्हीएस १९६१ ची, इंग्रजांच्या घरातली. कंपनीतून निघालेली गाडी आपल्या एका नियमाने चालत असेल. पण पंचवीस वर्षांत रस्त्यावरचा मिस्त्री त्यात हाताशी येईल ती तार घालतो.

टेम्पोच्या आत एक जाड तपकिरी तार सुटी लोंबत होती, टोकाला गोल कडी. आम्ही ती अर्थ समजून चासीच्या बोल्टला घट्ट आवळली आणि बॅटरी जोडली. कडाडकन ठिणगी उडाली, धूर निघाला, तारेचे रबर हातभर वितळले. थोरल्याने बॅटरीचा क्लॅम्प ओढून काढला म्हणून निभावले. त्याचा तळहात भाजला. चूक सर्वस्वी आमची होती. आणि हे सगळे अम्मींनी दारातून पाहिले.

त्या रात्री थोरल्याच्या हाताला मलम लावता लावता अम्मी म्हणाल्या, "तुम्हारे अब्बा किताब में देख के करते थे."

"कौन सी किताब?"

"लिख्खे सो है ना. उपर रखी मैं."

वर म्हणजे कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर, जिथे जुझदानात गुंडाळलेले कुराण शरीफ, पंजसुरे आणि दुआंची पुस्तके असतात. तिथून अम्मींनी हिरव्या कापडात बांधलेली एक चौकोनी वही काढली. शंभर पानी, रुळलेली, कोपऱ्यांना ग्रीसचे डाग. पानापानांवर उर्दू अक्षरे आणि मध्ये मध्ये चित्रे. आम्ही थक्क झालो. वायरिंगची वही, आणि ती पाच वर्षे धार्मिक ग्रंथांच्या रांगेत! अम्मी निरक्षर नाहीत. त्यांना मराठी वाचता येते, कुराण पढता येते, पण उर्दू मजकूर त्यांना लागत नाही. "उर्दू लिख्खा हुआ कागद है, पाँव में आयेगा बोल के उपर रखी," त्या म्हणाल्या.

हसण्यासारखी गोष्ट आहे आणि नाहीही. आमच्या किती घरांत असे झाले असेल? जे वाचता येत नाही त्याला आपण कापडात गुंडाळतो आणि उंच ठेवतो. अदब पुरी होते, उपयोग संपतो.

आम्ही दोघे भाऊही ती वही वाचू शकत नव्हतो. अब्बा चौथीपर्यंत म्युनिसिपालिटीच्या उर्दू शाळेत शिकले, मग गॅरेजात गेले. त्यांनी मुलांना मराठी शाळेत घातले, आग्रहाने घातले. "रोटी मराठी में है," म्हणत. आपाला मात्र घराजवळ म्हणून उर्दू शाळेत घातले. अब्बांनी आमच्याकरता जे निवडले त्याबद्दल आमची तक्रार नाही. मराठीनेच थोरल्याला नोकरी दिली, मराठीतच आम्ही हे लिहितो आहोत. पण बापाने स्वतःच्या हाताने लिहिलेली वही समोर असावी आणि मुलांनी तिच्यातली चित्रे तेवढी पाहावीत, हे त्या रात्री फार बोचले.

आपाला फोन केला. ती म्हणाली, "शुक्रवारी येते. तोपर्यंत हात लावू नका."

पण शुक्रवारला चार दिवस होते. वहीच्या पहिल्या पानावर माथ्याशी तीन आकडे होते. ते मात्र आम्हाला वाचता आले. मुसलमानाच्या घरातले लहान पोरही ते ओळखते, लग्नाच्या पत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर, टेम्पोच्या काचेवर पाहून पाहून. सातशे शहाऐंशी. सात म्हणजे वर तोंड उघडलेला कोन, आठ म्हणजे तोच कोन पालथा, सहा बराचसा इंग्रजी सातासारखा. धाकटा एकदम म्हणाला, "अरे, म्हणजे सात, आठ आणि सहा आपल्याला येतात!"

मग आम्ही त्या तीन आकड्यांचे बोट धरून पाने चाळली. पत्र्याच्या डबीतल्या रिलेचे चित्र सापडले. चार पाय, प्रत्येकापाशी आकडे. एकापाशी पालथा कोन आणि उलथा कोन, म्हणजे ८७. दुसऱ्यापाशी ८६. धाकट्याने टॉर्च घेऊन रिले उपटून पाहिला. खाली प्लास्टिकवर बारीक इंग्रजीत तेच: ८७, ८६, ८५, ३०. कुलूप उघडल्यासारखे झाले. ८५ मुळे पाच कळला. उर्दूतला पाच म्हणजे गोल, आपल्या शून्यासारखा! आणि ३० मुळे शून्य कळला. तो नुसता ठिपका. तोवर आम्ही वहीत जिथे जिथे उभी रेघ आणि गोल पाहिला होता तिथे तिथे 'दहा' वाचत होतो. तो दहा नव्हता, पंधरा होता.

शुक्रवारी आपा आली. जुम्याची नमाज झाली, जेवणे झाली आणि ती कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसली. ती वाचत गेली, आम्ही चिंध्यांवर लिहीत गेलो.

अब्बांनी आकड्यांवर भर दिलेला होता, रंगांवर नाही. हे आकडे जर्मनीतल्या डीआयएन ७२५५२ या मानकातले आहेत, हे आम्ही नंतर शोधले. पुष्कळ गाड्यांत रिलेवर, स्विचवर, सेल्फवर हेच आकडे छापलेले असतात. ३० म्हणजे थेट बॅटरीचा करंट. १५ म्हणजे चावी उघडल्यावर येणारा. ५० म्हणजे सेल्फ मारताना तेवढाच येणारा. ३१ म्हणजे अर्थ. अब्बांना इंग्रजी येत नव्हते, जर्मनीचे नाव त्यांनी ऐकले असेल तेवढेच. पण हे आकडे त्यांनी उस्तादाकडून तोंडी घेतले आणि त्यांना आपली नावे दिली. तिसापुढे लिहिले होते 'जागता'. पंधरापुढे 'चावीवाला'. एकतिसापुढे 'जमीन'. हेडलाइटच्या दोन तारांवर जिथे कंपनी ५६ए आणि ५६बी छापते, तिथे अब्बांनी लिहिले होते छप्पन अलिफ आणि छप्पन बे. आपा वाचताना थांबली आणि तोंडावर ओढणी धरून हसली. मग तिचे डोळे भरून आले.

इंजिन गार असताना चेंबर तापवणाऱ्या हीटर प्लगला त्यांनी 'अंगीठी' म्हटले होते. इंडिकेटरच्या फ्लॅशरला 'पलक'. व्हॅक्यूम पंपाला 'सांस', त्या म्हाताऱ्या उस्तादांनी सांगितले तेच नाव. म्हणजे हे शब्द एकट्या अब्बांचे नव्हते, एका गॅरेजचे होते. आणि पाचव्या पानावर ती वाक्ये होती, ज्यासाठी थोरल्याचा हात भाजला: 'कत्थई मोटी, तीस. जागती है. जमीन को नक्को लगाना.'

वही पाच वर्षे आमच्या डोक्यावरच्या फळीवर होती!

टेम्पो का सुरू होत नव्हता तेही वहीतच निघाले. डिझेलच्या इंजिनला चालायला वीज फारशी लागत नाही. स्पार्क प्लग नसतो, हवा दाबूनच इतकी तापते की डिझेल पेट घेते. आमच्या टेम्पोच्या रोटरी पंपाला फक्त एक तार लागते. पंपाच्या डोक्यावर एक छोटा सॉलेनॉइड असतो. त्याला करंट मिळाला की तो डिझेलची वाट उघडतो, करंट गेला की बंद करतो आणि इंजिन थांबते. चावी उघडताना तिथे 'टिक' असा आवाज यायला हवा. अब्बांनी त्याचे नावच ठेवले होते 'टिकटिक'. आमच्या पंपातून तो आवाज येत नव्हता. एकाही मेकॅनिकने तिकडे कान दिला नव्हता. सगळे नोझल आणि फिल्टर बदलायला सांगत होते.

आपाने वाचले: 'टिकटिक की तार पंधरा से सीधी नहीं जाती. चोर बटन से जाती है. सीट के नीचे, बाजू में, फोम के अंदर.'

धाकट्याने ड्रायव्हरच्या सीटखाली हात घातला. फोममध्ये एक भोक, भोकात घरातल्या दिव्याचे असते तसले साधे बटन. बंद होते. चोरापासून टेम्पो वाचवायला अब्बांनी पंपाची तार तिथून फिरवली होती. त्या मे महिन्यातल्या रात्री टेम्पो लावून उतरताना त्यांनी रोजच्या सवयीने ते बंद केले असणार. त्यानंतर त्याला कुणाचे बोट लागले नव्हते. आम्ही तिघेही काही वेळ गप्प बसलो. धाकट्याने सीटखालून हात काढला नाही.

मग बटन दाबले, चावी उघडली. टिक.

अर्थात लगेच सुरू झाला असे नाही. नवी बॅटरी आणली, टाकीतले जुने डिझेल काढले, फिल्टर बदलला, हातपंप मारून लाइनमधली हवा काढली, भाजलेली तपकिरी तार बदलून तिला फ्यूज बसवला. आणखी आठवडा गेला. मग एका रविवारी सकाळी अंगीठी तापवली, सेल्फ मारला. दोन वेळा खोकला, तिसऱ्यांदा घेतले. कडुनिंबावरचे कावळे उडाले, गल्लीत पांढरा धूर पसरला, शेजारचे काका बनियनवर बाहेर आले आणि म्हणाले, "आला की रे टेम्पो!"

एक तार तरीही राहिली होती. मागच्या हौद्याकडे गेलेली ती एकटी तार. तिच्या टोकाला आम्हाला काही सापडले नव्हते म्हणून धाकट्याने तिला 'काढायची' अशी चिंधी बांधली होती. आपाने वहीचे शेवटचे लिहिलेले पान काढले. 'पीछे की घंटी. अम्मा के वास्ते. निकालना नहीं.'

अम्मा म्हणजे अब्बांची आई, आमची दादी. हौद्याच्या आतल्या अंगाला आम्ही ज्याला रिबिट समजत होतो, त्यावरचा रंग खरवडला तर खाली घंटीचे बटन निघाले. अम्मींना विचारले. त्या म्हणाल्या, दादी अक्कलकोटच्या पुढे गावाकडे राहायच्या. २००१ साली पडल्या, खुब्याचे हाड मोडले. त्यांना सोलापूरला दवाखान्यात न्यायचे, पुन्हा दाखवायला आणायचे, सगळे याच टेम्पोतून. मागे गादी टाकून दादी झोपायच्या, शेजारी अम्मी बसायच्या. खड्डा आला की दादी कळवळायच्या, पण पुढे केबिनमध्ये इंजिनच्या आवाजात अब्बांना काही ऐकू जायचे नाही. म्हणून त्यांनी घंटी बसवली. एकदा दाबली की हळू, दोनदा दाबली की थांब.

"तुमने कितने बार दबाये?" आपाने विचारले.

"रस्ता खराब था," अम्मी म्हणाल्या. एवढेच म्हणाल्या.

दादी पुढच्या वर्षी गेल्या. घंटीची तार अब्बांनी काढली नाही. तिच्यावरचा टेप दोनदा तरी बदललेला दिसतो.

२०२३ च्या जूनमध्ये टेम्पोचे पासिंग झाले. कर, फी, दंड मिळून जी रक्कम गेली ती पाहता व्यवहाराच्या हिशेबात आम्ही शहाणपणा केला असे कुणी म्हणणार नाही. धाकटा सुट्टीच्या दिवशी टॉवेलच्या खेपा करतो, त्यातून डिझेल आणि थोडेसे वर सुटते. आणखी किती वर्षे टेम्पो चालेल ते सरकारचे नियम आणि त्याचा पत्रा ठरवतील. एक दिवस तो लोहे के भाव जाईलच. पण आता तो जाईल तेव्हा त्याच्यात काय काय होते हे आम्हाला माहीत असेल.

आपल्या समाजात हातांचे ज्ञान फार आहे. गॅरेजात, मागावर, छापखान्यात, वेल्डिंगच्या दुकानात पिढ्यान्‌पिढ्या लोक उभे आहेत. ते ज्ञान उस्तादाकडून शागीर्दाकडे तोंडी जाते आणि शागीर्द नसला की उस्तादाबरोबर कबरस्तानात जाते. अब्बांनी लिहून ठेवले, हे त्यांचे वेगळेपण. आम्ही ते वाचू शकलो नाही, हे आमचे. दोन पिढ्यांमध्ये लिपी बदलली की मधली तार तुटते. ती जोडायला घरात एक तरी आपा लागते. तिला आम्ही घराजवळ म्हणून उर्दू शाळेत घातल्याचे सांगतो, जणू तो कमी दर्जाचा निर्णय होता. आज तिच्यावाचून आमचे अडले.

आम्ही नवी वही केली आहे. तिच्यात चार रकाने आहेत. पहिल्यात कंपनीचा आकडा, दुसऱ्यात अब्बांनी दिलेले नाव उर्दूत, आपाच्या अक्षरात. तिसऱ्यात तेच नाव देवनागरीत. चौथ्यात काम काय, ते साध्या मराठीत. थोरल्याने उर्दूचे दहा आकडे पाठ केले. अक्षरे अजून जमत नाहीत, पण अलिफ आणि बे येतात, हेडलाइटपुरते.

जुनी वही आता वरच्या फळीवर नाही. टेम्पोच्या डॅशबोर्डच्या खणात, पाना आणि टेस्ट लॅम्पच्या शेजारी असते. खाली आणताना अम्मींना विचारले होते. त्या थोडा वेळ त्या हिरव्या कापडाकडे पाहत राहिल्या, मग ते कापडही धाकट्याच्या हातात देऊन म्हणाल्या, "लेके जाव. हात पोंछ के खोलना."